निशाणी डावा अंगठा

"काका, अंगठा तुमचाच लागलाय. मशीन खोटं बोलत नाही."

२०२३ च्या पावसाळ्यात बँकेच्या शाखेत काउंटरपलीकडच्या माणसाने बाबांना हे सांगितलं, तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभा होतो. बाबांच्या खात्यातून तीन दिवसांत तीनदा, दर वेळी दहा हजार, असे तीस हजार रुपये गेले होते. पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं. मेसेज आलेच नव्हते, कारण बँकेत नोंदवलेला मोबाईल नंबर आठ वर्षांपूर्वीचा होता आणि तो कधीच बंद पडला होता. तिन्ही नोंदींसमोर एईपीएस लिहिलेलं. म्हणजे आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर रोख पैसे देणारी सोय. कार्ड नको, पिन नको, ओटीपी नको.

"साहेब, मी कुठं अंगठा लावलाच नाही," बाबा म्हणाले.

"रेशनला लावता की. सिमकार्डाला लावता. विसरला असाल."

बाबा चिडतील असं मला वाटलं होतं. ते गप्प झाले. परत येताना गाडीवर मागे बसून त्यांनी विचारलं, "खरंच लावला असेल का रे मी?" तीस हजारांपेक्षा मला हा प्रश्न जास्त लागला. ज्या माणसाला कुणाकडून किती पोती उसनी घेतली होती ते वीस वर्षांनीही आठवतं, तो स्वतःच्या आठवणीवर संशय घेत होता.

मी पोटापाण्यासाठी लॉगिनचीच कामं करतो. माणूस खरा कोण हे ओळखायचं आणि मगच दार उघडायचं, असा कोड लिहायचा. आमच्या धंद्यात 'नॉन-रेप्युडिएशन' नावाचा एक गुण मानाचा समजतात. केलेला व्यवहार नंतर 'मी नव्हतोच' म्हणून झटकता येऊ नये, अशी सोय. आजवर मी तो शब्द डिझाइनच्या कागदांत बिनदिक्कत लिहिला होता. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की जो खरोखरच नव्हता त्याने काय म्हणायचं? ही सोय आली कुठून, म्हणून मी वाचायला लागलो.

आपल्याकडचं ओळखचोरीचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकतात. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण भाऊंचा शेवट नेमका पाहिला असं छातीठोक सांगणारं कुणी सहजी मिळेना, आणि पुण्यात पार्वतीबाईंनी आपण विधवा झालो हे मानायला नकार दिला. अशी मोकळी जागा राहिली की तिथे कुणीतरी येऊन बसतंच. सुखनिधान नावाचा उत्तरेकडचा एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणून पुढे आला. माधवराव पेशव्यांच्या काळातच तो पकडला गेला, चौकशीत तोतया ठरला आणि कैदेत पडला. गोष्ट तिथे संपायला हवी होती. पण १७७६ मध्ये, पेशवाईत गोंधळ माजलेला असताना, रत्नागिरीला ज्याच्या ताब्यात तो होता त्या रामचंद्र नाईक परांजप्यानेच त्याला सोडवलं आणि भाऊसाहेब म्हणून उभं केलं. बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, हजारो माणसं गोळा झाली. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांना फौज घेऊन उतरावं लागलं. तोतया पळाला, आंग्र्यांच्या हाती सापडला, पुण्याला आणला गेला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं.

इतकी माणसं कशी फसली? माझं मत असं, की पुष्कळांना फसायचंच होतं. कुणाला पानिपत झालंच नाही असं वाटून घ्यायचं होतं, कुणाला पुण्याच्या कारभाऱ्यांचा काटा काढायचा होता. पण मला अडकवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. तोतयाला खोटं ठरवायला पेशव्यांच्या सरकारजवळ होतं काय? फोटो नाही, ठसा नाही, नोंदवही नाही. होती फक्त माणसं. भाऊंना जवळून ओळखणाऱ्यांना बोलावायचं, याला त्यांच्यासमोर उभं करायचं, चेहरा बघायचा, जुन्या गोष्टी विचारायच्या. ओळख म्हणजे तुम्हाला ओळखणाऱ्यांची साक्ष.

कागदावरही तसंच होतं. जुन्या मराठी कागदांत पाटलाच्या नावापुढे 'निशाणी नांगर' असतो. सहीच्या जागी नांगराचं चित्र. बलुतेदारही आपापल्या धंद्याच्या हत्याराची खूण काढत. ही काही गुप्त खूण नव्हे. नांगर कुणालाही काढता येतो. ती खूण खरी ठरायची ती काढताना भोवती बसलेल्या पांढरीमुळे, म्हणजे गावामुळे. खूण उतरवणं सोपं होतं, तेवढं गाव उभं करणं अवघड.

पण ज्याला गाव ओळखत नाही आणि जो गावाला ओळखत नाही, अशा साहेबाने काय करावं?

१८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा तरुण इंग्रज अधिकारी होता. आडनाव ओळखीचं वाटेल. युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा हा नातू. रस्त्यासाठी दोन हजार मण खडी पुरवण्याचा करार त्याने राज्यधर कोनाई नावाच्या माणसाशी केला. आणि सही घेताना त्याच्या मनात आलं, की उद्या हा गडी 'ही सही माझी नव्हेच' म्हणाला तर? तेव्हा त्याने कोनाईच्या पंजाला शिक्क्याची शाई फासली आणि करारामागे अख्ख्या हाताचा छाप घेतला. त्यात शास्त्र नव्हतं. पुढे हर्शेलने स्वतःच सांगितलंय, की माणसाला जरा धाक बसावा, शब्द फिरवायचं त्याच्या मनातही येऊ नये, एवढाच हेतू होता.

हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि जरा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो. बोटाचा ठसा सरकारी कागदावर आला तो कोनाईची ओळख कुणी चोरू नये म्हणून आला नव्हता. कोनाईला नाही म्हणता येऊ नये म्हणून आला होता. काउंटरपलीकडचा माणूस बाबांशी जे बोलत होता, ते वाक्य दीडशेहून जास्त वर्षं जुनं होतं.

हर्शेलला पुढे या छापांचा नादच लागला. एकाच माणसाचे ठसे वर्षांच्या अंतराने घेऊन ते बदलत नाहीत हे त्याने पडताळलं. १८७७ मध्ये हुगळीला तीन ठिकाणी त्याने ठसे सुरू केले. पेन्शन घ्यायला येणाऱ्यांचे, कारण मेलेल्याच्या नावावर पेन्शन उचलणारे होते. कैद्यांचे, कारण पैसे घेऊन दुसऱ्याची शिक्षा भोगणारे असत. आणि दस्तनोंदणीच्या कचेरीत जमिनीचे कागद करणाऱ्यांचे. हे तिसरं ठिकाण लक्षात ठेवा, आपल्याला तिथे परत यायचंय.

त्याच्यामागे हुगळीची पद्धत बारगळली, पण वीस वर्षांनी कलकत्त्यात ती पोलिसांनी उचलली. अडचण शोधण्याची होती. हजारो ठशांच्या ढिगातून एक कसा काढायचा? ज्या वर्गीकरणाने हे जमलं ते जगभर 'हेन्री पद्धत' म्हणून ओळखलं जातं, कारण एडवर्ड हेन्री हे बंगाल पोलिसांचे प्रमुख होते. त्यातलं गणित बसवलं अझीझुल हक यांनी, आणि त्यांच्या जोडीला होते हेमचंद्र बोस. दोघेही हेन्रींच्या हाताखालचे. दहा बोटांच्या नक्षीवरून १०२४ कप्पे. कोणाही प्रोग्रॅमरला यात हॅश टेबल दिसेल, आणि ते कागदाच्या कपाटांत, १८९७ च्या सुमाराला. नाव मात्र साहेबाचं लागलं. आमच्या टीममध्येही असं होतं, पण ते असो.

या पद्धतीच्या पहिल्याच वर्षातला एक खटला मी बाबांना वाचून दाखवला. जलपायगुडीला चहाच्या मळ्याच्या मॅनेजरचा खून झाला, पैसे चोरीला गेले. खोलीत एक बंगाली पंजिका मिळाली, तिच्यावर तपकिरी डाग. तो ठसा पूर्वी शिक्षा झालेल्या कांगाली चरण नावाच्या नोकराच्या नोंदीशी जुळला. १८९८ मध्ये न्यायालयाने त्याला चोरीची शिक्षा दिली, खुनाची नाही. ठशावरून बोट त्या पंजिकेला लागलं एवढं कळतं, वार कुणी केला हे कळत नाही, असा तो विचार. शाई ओली असतानाच, म्हणा ना, कुणीतरी ठशाची मर्यादा ओळखली होती. सव्वाशे वर्षांनी आमच्या तालुक्याच्या शाखेत ती विसरली गेली.

बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण माझं तर बोटच तिथं लागलं नाही."

ते बरोबर होतं. आणि इथे दस्तनोंदणीच्या कचेरीत परत यावं लागतं.

हुगळीत हर्शेलने सुचवलेलं आज साऱ्या देशात चालतं. नोंदणी कायद्यात २००१ च्या दुरुस्तीने कलम ३२-अ आलं, आणि दस्त नोंदवताना पक्षकारांचे फोटो आणि बोटांचे ठसे कागदावर घेणं सक्तीचं झालं. हेतू चांगलाच. तोतया उभा करून दुसऱ्याची जमीन विकणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. पण दस्त हा लपवायचा कागद नसतो. त्याच्या नकला निघतात, वकिलाकडे जातात, तलाठ्याकडे जातात, कर्जासाठी बँकेत जातात, झेरॉक्सवाल्याच्या काचेखाली राहतात. जोवर ठसा बघायला तज्ज्ञ लागत होता, तोवर हे चालून गेलं. मग ठसा ही किल्ली झाली.

२९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला. ज्यांच्याजवळ कुठलाच कागद नाही त्यांना आपण कोण हे सांगता यावं, ही कल्पना मला आजही मोठी वाटते. बँक मित्राच्या मशीनवर बोट टेकवून म्हातारीला गावातच पैसे मिळणं ही लहान गोष्ट नाही. त्यासाठी तालुक्याला जाण्यात तिचा अख्खा दिवस जायचा. पण त्या दिवसापासून दस्तावरचा शाईचा डाग आणि खात्याची किल्ली एकच झाली. एक किल्ली उघड्यावर छापलेली, दुसऱ्या ठिकाणी तीच तिजोरीला लावलेली.

ठसा उतरवता येतो हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. २००२ मध्ये जपानमध्ये त्सुतोमु मात्सुमोतो यांनी जिलेटीनची बोटं बनवून बाजारातली बरीचशी ठसायंत्रं फसवून दाखवली. खाऊच्या गोळ्यांत असतं तेच जिलेटीन. २०१३ मध्ये आयफोनवर ठशाचं कुलूप आलं, आणि जर्मनीतल्या हॅकरांनी ते काही दिवसांत उघडलं. २०१८ मध्ये आपल्या शेजारी तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याला अटक झाली. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे घेऊन त्याने नकली बोटं बनवली होती आणि त्यावर सिमकार्डं चालू केली होती. म्हणजे बाबांच्या पाच वर्षं आधी.

याउलट पासवर्डाची गोष्ट बघा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीमध्ये एक मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरायची पद्धत बसली. ज्याचं काम त्यालाच दिसावं म्हणून फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने प्रत्येकाला पासवर्ड दिला. १९६२ मध्येच ॲलन शेर नावाच्या संशोधकाने सगळ्यांच्या पासवर्डांची फाईल छापून घेतली. कारण काय, तर त्याला वाट्याला आलेले मशीनचे तास पुरत नव्हते! बऱ्याच वर्षांनी त्याने स्वतःच हे कबूल केलं. पासवर्ड असा जन्मतःच चोरीला गेला, आणि त्यामुळे आमच्या धंद्याने एक गोष्ट लवकर शिकली. चोरी होणारच, असं धरून चालायचं. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्सच्या पासवर्डांवर लिहिलं, त्यात पासवर्ड जपून ठेवण्यापेक्षा तो मुळात साठवायचाच नाही, त्याचं दळून केलेलं पीठ ठेवायचं, आणि दळताना प्रत्येकाच्या वाट्याला वेगळी चिमूट टाकायची, असा मार्ग आहे. त्या चिमटीला खरोखरच 'सॉल्ट', म्हणजे मीठ म्हणतात. शिवाय पासवर्ड गेला तर दुसरा घेता येतो. बाबांना दुसरा अंगठा कुठून आणू?

त्या आठवड्यात मी सुट्टी टाकली. जे केलं ते सांगतो, पण ते कुठल्या क्रमाने करायला हवं होतं तेही सांगतो, कारण मी दोन ठिकाणी चुकलो.

सगळ्यात आधी १९३० ला फोन करायचा. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाईन नंबर. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात आणि वाटेत गोठवता आले तर आले. तिथे मिनिटांना किंमत आहे. आमचे बारा दिवस गेले होते, रोख उचललेली, त्यामुळे हाती लागला तो फक्त तक्रारीचा क्रमांक. पण पुढे प्रत्येक टेबलावर तोच क्रमांक कामी आला.

माझी पहिली चूक इथे. मी आधी बँकेशी भांडायला गेलो आणि कुलूप लावायचं राहिलं. चोराजवळ बोट होतंच, उरलेले पैसेही खात्यात होतेच. आधारच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करता येतं, पाच मिनिटांचं काम. लॉक असलं की खरं बोट लावलं तरी मशीन नकार देतं, नकली तर सोडाच. ते मी तिसऱ्या दिवशी केलं. तोवर चौथा व्यवहार झाला नाही हे आमचं नशीब.

दुसरी चूक त्या बंद नंबरची, आणि ती चूक लॉगिनचीच कामं करणाऱ्या पोराच्या घरात झाली. बंद झालेला नंबर कंपन्या काही महिन्यांनी दुसऱ्याला देतात. म्हणजे बाबांच्या खात्याचे मेसेज आठ वर्षांत कुणा परक्याकडे जात असतील नसतील, देव जाणे. नंबर बदलला, ईमेलचा पासवर्ड बदलला, त्यात 'विसरलात तर इथे कळवू' म्हणून टाकलेला जुना नंबर काढला. ईमेल आणि सिम या दोन गोष्टी हातच्या राहिल्या तर बाकीची खाती परत मिळवता येतात, त्या गेल्या तर एकेक करत सगळीच जातात. संचार साथीच्या संकेतस्थळावर बाबांच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते पाहिलं. एक अनोळखी निघालं, ते 'माझं नाही' म्हणून कळवलं. मग क्रेडिट रिपोर्ट. चारही कंपन्यांकडून वर्षाला एक फुकट मिळतो. नावावर कुणी कर्ज उचललं नव्हतं. बँकेत लेखी अर्ज दिला, की या खात्यावर एईपीएस बंद करा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मागून घेतला, कारण तोंडी सांगितलेलं कुणी सांगितलंच नव्हतं असं होतं. नॉन-रेप्युडिएशन आपल्यालाही लागतंच की.

आधारच्या संकेतस्थळावर गेल्या सहा महिन्यांत आपली पडताळणी कधी झाली याची यादी मिळते. तिथे ते तिन्ही व्यवहार होते, मिनिटांसह. बँकेकडून लेखी मागितल्यावर कळलं की मशीन दुसऱ्या राज्यातलं होतं. दुसरा व्यवहार सकाळी ७ वाजून १२ मिनिटांनी झालेला. आई आत गेली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या दुधाच्या स्लिपा घेऊन आली. आमच्याकडे डेअरीच्या हिशोबासाठी त्या महिनाभर जपतात. त्या दिवशीची स्लिप: सकाळी ७ वाजून ९ मिनिटं, गाय, सहा लिटर, फॅट ४.१. शेजारी बाबांचा सभासद क्रमांक.

डेअरीवाल्या दादाने त्या स्लिपेमागे लिहून दिलं, की हे गृहस्थ त्या वेळी माझ्यासमोर किटली घेऊन उभे होते. सही केली. दोन शेजाऱ्यांनीही केली. मला तो कागद बघून निशाणी नांगर आठवला.

तो घेऊन परत शाखेत गेलो, आणि सोबत रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक. हे परिपत्रक प्रत्येक घरात छापून ठेवावं असं मला तेव्हा वाटलं. चूक ना ग्राहकाची ना बँकेची, मधल्या कुणाची असेल, आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, असं त्यात होतं. तक्रार आल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची, नव्वद दिवसांत निकाल लावायचा. आणि त्यातलं एक वाक्य मी पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर.

म्हणजे बाबांनी आपण नव्हतो हे सिद्ध करायचं नव्हतं. कोनाईच्या करारापासून जो भार ठशाच्या मालकावर होता, तो कागदावर तरी उलटला होता. शाखेतल्या माणसाला हे परिपत्रक माहीत नव्हतं. वाचून तो म्हणाला, "असं आहे होय." त्याच्यावर मला राग धरता आला नाही. त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं, त्यालाही मशीन खोटं बोलत नाही एवढंच शिकवलेलं. तिसऱ्या महिन्यात तीस हजार जमा झाले.

ठसा कुठून गेला हे आम्ही आजही सिद्ध करू शकत नाही. पण बाबांनी अलीकडे कुठे अंगठा दिला ते आठवताना आई म्हणाली, "हक्कसोड." आदल्या वर्षी आजोबांच्या जमिनीचं हक्कसोड पत्र झालं होतं. दोन्ही आत्यांनी भावाच्या नावे हक्क सोडला, फोटो निघाले, ठसे घेतले, आधारच्या झेरॉक्स जोडल्या. एकाच पानावर तिघांचे अंगठे.

धाकट्या आत्याचं खातं नीट होतं. थोरल्या आत्याला फोन केला तर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझे पण गेलेत. वीस हजार. दोन महिने झाले."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू? मला वाटलं, घरातल्याच कुणीतरी मी झोपलेले असताना बोट लावून घेतलं."

घरातलं कुणीतरी म्हणजे सून. दोन महिने आत्या एका घरात राहून सुनेच्या हातचं जेवत होती आणि रात्री पदराखाली हात घेऊन झोपत होती. सुनेला काहीतरी बिनसलंय एवढं कळत होतं, काय ते कळत नव्हतं. मी पुण्याहून गाडी काढून गेलो. दोघींना समोर बसवून ते तेलंगणातलं प्रकरण सांगितलं, बाबांचं पासबुक दाखवलं, दस्ताची नक्कल दाखवली. वहिनी उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आत्या त्या पानावरचे तीन डाग बोटाने मोजत बसली.

आत्याचे वीस हजार परत आले नाहीत. तक्रार उशिरा झाली असं बँकेने लेखी कळवलं, लोकपालाकडे अर्ज केला, तिथेही उशीरच आडवा आला. पोलिसांत तक्रार आहे. दोघींचं आता बरं आहे म्हणतात. मला अजून खात्री वाटत नाही.

त्या दिवशी जाता जाता आत्याचंही लॉक लावून दिलं. आधारवाल्यांनी त्याच वर्षी ठशाची दुहेरी तपासणी आणली, बोट जिवंत आहे की नाही ते पाहणारी, हे चांगलंच झालं. तरी मी लॉकवरच भरवसा ठेवतो. त्रास एकच, रेशनच्या मशीनला अंगठा लागतो. मग काही मिनिटांपुरतं लॉक उघडावं लागतं, आणि आत्याकडे बटणांचा फोन. म्हणून दर महिन्याला रेशनच्या रांगेतून तिचा मला फोन येतो, "अंगठा उघड रे." मी इकडून विनंती टाकतो, तिच्या फोनवर सहा आकडे येतात, ते तिने मला सांगायचे.

आता गंमत अशी, की ओटीपी कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचा नाही हे तिला मीच बजावलंय. तिने ते मनावर घेतलं. आवाज कुणाचाही काढतात असं तिने टीव्हीवर पाहिलंय.

"थांब," ती म्हणते. "आधी सांग, तुला शिंग मारलं त्या गाईचं नाव काय?"

"कपिली."

"आणि कुठं मारलं?"

मी ऑफिसात असतो. आजूबाजूला चार माणसं बसलेली असतात.

"आत्या, रांग सरकली असेल तुझी."

"सरकू दे. कुठं मारलं?"

मी सांगतो. मग ती चष्मा लावून एकेक आकडा वाचायला लागते.